गच्चीवरून ऐकलेला उपग्रह

आज सकाळी मी गच्चीवर गुडघ्यांना ऊन देत बसले होते आणि माझी भाची केतकी माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना हातात धरून आभाळ धुंडाळत होती. तिनं आणि तिच्या कॉलेजातल्या मुलींनी तीन वर्षं खपून केलेला छोटासा उपग्रह आत्ता वरून जायचा होता. परवा सूर्यावर वादळ उठलं, तेव्हापासून तो गप्प होता.

"अगं, ऊन तर रोजच्यासारखंच आहे की," मी म्हटलं.

"आपल्यावर पृथ्वीचं पांघरूण आहे, आत्या. तो बिचारा उघड्यावर आहे."

"मग सूर्याकडे पाठ करायला सांग त्याला."

"आणि खाईल काय? उन्हाचीच वीज लागते त्याला."

मला पटलं बाई. ऊन फार झालं तर आपण पापडांवर जुनं धोतर टाकतो, नाहीतर सावलीत ओढून घेतो. तिथे ओढून घ्यायला कोण आहे? ज्याच्या जिवावर जगायचं त्याचाच मार खात बसायचं. आणि सूर्याला काही राग आलेला नसतो. आपण कुणाला मारतोय किंवा भरवतोय, हे त्याच्या गावीही नसतं.

तेवढ्यात केतकीच्या यंत्रातून खरखर आली, आणि खरखरीतून बारीक टिकटिक.

"बोलला! आत्या, बोलला गं!"

अँटेना हलेल म्हणून तिनं डोळेसुद्धा पुसले नाहीत. मग मीच उठले आणि पदरानं पुसले.