भिकाजी तांडेलांना घरी पोचवताना

साठ-एकसष्टच्या हिवाळ्यात भिकाजी तांडेलांना घरी पोचवायला मी कोल्हापूरहून सकाळच्या एसटीने निघालो. मी मानसिक रुग्णालयात परिचारक होतो. वादळात त्यांचा मचवा बुडून दोन खलाशी गेले. तांडेल (मचव्याचे प्रमुख) तेवढे वाचले. मग झोप उडाली, दारू वाढली आणि एके दिवशी त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. पाच महिन्यांच्या उपचारांनी ते सावरले होते. पूर्वी असाच एक रुग्ण मी उंबऱ्याशी सोडून परतलो होतो. पंधरवड्यातच त्याने आत्महत्या केल्याचं कळलं. म्हणून या वेळी मी दोन दिवस राहण्याची परवानगी घेऊनच आलो होतो.

गगनबावड्याचा घाट उतरताना धुकं विरलं, खाली कापणी झालेली भातखाचरं दिसू लागली. तळेऱ्याला चाक पंक्चर झालं. चहाच्या दुकानात एका म्हाताऱ्याने भिकाजींकडे पाहत मला विचारलं, "ह्येंका खंय व्हरतास?" (यांना कुठे नेताय?)

"घराक," भिकाजीच म्हणाले. मग कप खाली ठेवून हळूच मला म्हणाले, "त्या दोघांची घरां माझ्या वाटेर आसत."

"मी बरोबर आहे," मी म्हटलं.

जामसंड्याला उतरून खाडीकाठाने चालत निघालो. त्या दोघांपैकी एकाच्या घराच्या अंगणात एक बाई मासे वाळत घालत होती. भिकाजी थबकले. तिने पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. मी त्यांच्या दंडाला धरून चालत राहिलो.

घरी त्यांच्या पत्नीने, आनंदीवहिनींनी, उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला बांगडा वाढला. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "मांगरात (शेतातल्या झोपडीत) ह्येंची जागा केलंय. थंय शांत आसा." जरा थांबून पुढे म्हणाल्या, "चेडवाचा (मुलीचं) लगीन ठरताहा. उद्या पावणे येतले. तेंका काय सांगू?"

मी वहिनींना बसायला सांगितलं आणि त्यांच्यासमोरच भिकाजींना विचारलं, "मरावंसं अजून वाटतं का?"

वहिनींचा हात पदराकडे गेला. भिकाजींनी जमिनीकडे पाहतच उत्तर दिलं.

"वाटता. एकटो आसलंय की वाटता. सांजवेळी जास्त."

"माका कधी सांगूक नाय तुमी," वहिनी म्हणाल्या.

"कोणी इचारल्यान?"

बाहेर माड सळसळत होते. वहिनी उठल्या, मांगरात नेलेली चटई स्वतः घेऊन आल्या आणि माजघरात पसरली. "हे हयच निजतले. पावण्यांका काय सांगूचा ता मी सांगतलंय." औषधांची पुडी मी वहिनींच्याच हाती दिली. भिकाजींना एकटं सोडू नका, झोप उडाली किंवा बोलणं बंद झालं तर लगेच कळवा, आणि मरणाविषयी विचारायला घाबरू नका, एवढं बजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. वहिनींनी सरळ सांगितलं, "हे आजारी होते. आता घरी आसत." मुलाचे वडील विचार करून कळवतो म्हणाले आणि चहा घेऊन गेले. भिकाजींची मान खाली गेली. "माझ्यापायी मोडला," ते म्हणाले. वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या. "मोडला तर मोडांदे. तुमी आसात, ता पुरे."

परतीच्या गाडीत मला हायसं वाटत नव्हतं. भिकाजींचं दुःख तिथेच होतं, पण ते आता त्या घरात बोललं गेलं होतं आणि ऐकणारं माणूस होतं. रुग्णालयात पोचल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं, महिन्याने मी पुन्हा जाणार. गेलोही. तेव्हा भिकाजी अंगणात बसून जाळं विणत होते. लग्नाचा निरोप आला नव्हता. त्यानंतर कुणालाही घरी पोचवायला निघालो की मी दोन दिवसांचे कपडे बरोबर घेतो.