दाजींची वीस खोकी आणि अक्काची शिलाई मशीन

घरातलं कुणी परदेशी निघालं की सामान कमी होत जातं आणि किस्से वाढत जातात! माझी अक्का आणि दाजी कॅनडाला निघाले, त्या दोन महिन्यांत आमच्याकडे असे इतके किस्से जमले की अजूनही चहाला कुणी बसलं की पहिला विषय तोच.

आमचे दाजी मूळचे कन्नड गावचे, वाळूजच्या एका कंपनीत प्लॅनिंगला होते. त्यामुळे सिडकोतलं अख्खं घर त्यांनी एक्सेलमध्ये घातलं. रकाने तीन : 'न्यायचं', 'इथं द्यायचं', 'तिथं घ्यायचं'. जहाजानं लहानमोठी वीस खोकी जाणार. एकविसावं नाही म्हणजे नाही!

अक्कानं पोळपाट दाखवला. "तिथं मिळतं." कुकर दाखवला. "तिथं मिळतं." शेवटी अक्का वैतागली, "मग मला तरी कशाला नेता? बघा, तिथं मिळत असंल तर!"

दाजींनी लॅपटॉप मिटला आणि ते गुपचूप भाजी आणायला गेले.

*

सामान वाटलं जाणार ही बातमी कन्नडला पोचायला कितीसा वेळ! पुढच्याच रविवारी दाजींचे चुलतभाऊ 'भेटायला' आले. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसा आल्याआल्या त्यांनी फ्रीजवर रुमाल टाकला. जाताना उचललाही नाही.

संध्याकाळी दाजी पाणी घ्यायला फ्रीज उघडून उभे, तेवढ्यात चुलतभावाचाच फोन. "दादा, फ्रीज जपून वापरा बरं का. आता तो आमचा हाय!"

*

खरा पेच पडला तो अक्काच्या शिलाई मशीनवरून. पायानं चालवायची, लोखंडी स्टँडची. अठरा वर्षं कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज अक्कानं तिच्यावरच शिवले. दाजींनी ती 'इथं द्यायचं'मध्ये टाकली होती.

"तिथं इलेक्ट्रिक घेऊन देतो की," दाजी म्हणाले.

"तुम्ही इथंही इंजिनिअर, तिथंही इंजिनिअर," अक्का म्हणाली. "मी तिथं कोण?"

दाजींकडे याचा रकाना नव्हता. मग तडजोड झाली. मशीन विकायची, पण गिऱ्हाईक अक्का पसंत करणार!

पहिला आला तो कॅफेवाला. म्हणे, वरची मशीन काढून टाकतो आणि स्टँडवर काच बसवतो, टेबल मस्त दिसतं. अक्कानं एकच शब्द उच्चारला, "उठा!"

दुसऱ्या आलेल्या बाईंना तिनं चिंधीवर सरळ टीप मारायला लावली. टीप गेली वाकडी. "आधी शिकून या," अक्का म्हणाली.

दाजींनी कपाळाला हात लावला. "अगं, मशीन विकायचीय का मुलगी द्यायचीय?"

"मुलगी असती तर एवढी चौकशी केली नसती!"

*

तिसऱ्या बाई सोयगावहून आल्या. पदर खोचून मशीनवर बसल्या आणि अशी टीप मारली की अक्काला नाव ठेवायला जागा उरली नाही. दाजी खूश! टेम्पोवाल्याला फोनही लावायला लागले. अक्का मात्र मशीनच्या चाकावर हात ठेवून उभी.

बाईंनी चिंधी उलटीपालटी केली. "मशीन लई भारी हाय. पण ताई, तुम्ही तिकडं जाऊन काय करणार मग?"

अक्का मशीनवरचा दोरा गुंडाळायला लागली. बाईंनी खाली पाय मारायचा लोखंडी पायटा बघितला. एका बाजूची नक्षी पार झिजून गेली होती.

"नाय, मला नगं," त्या उठल्या. "हिला तुमच्या पायाची सवय हाय."

चहा घेऊन त्या निघून गेल्या. मी त्यांना दारापर्यंत सोडून आलो. दाजींचंही तोंड उतरलं होतं, पण हिशेब सुटत नव्हता. "अगं, वीसच्या वीस खोक्यांत काय जायचं ते ठरलंय. हिच्यासाठी काढू तरी काय?"

*

पॅकिंगला रफिकभाई आले. या कामात त्यांचे केस पांढरे झालेले. विसाव्या, सगळ्यात मोठ्या खोक्यात दाजींची ट्रेडमिल जायची होती.

"साहब, इसपे कपडे सुखाते क्या?" वरचे टॉवेल उचलत रफिकभाईंनी विचारलं.

"व्यायाम करतो!"

"करते होंगे. पन ये वहाँ नै चलती. उधर का करंट अलग है. ये चालू बी नै होने की."

एक्सेलमध्ये करंटचा रकानाच नव्हता! दाजी ट्रेडमिलकडे बघत राहिले. रफिकभाई कोपऱ्यातल्या मशीनकडे वळले. "और ये?"

"ती पायावर चालते, रफिकभाई," अक्का म्हणाली.

"तो फिर ये कहीं बी चलेगी!"

अक्का दाजींच्या जवळ गेली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "अहो, ट्रेडमिल ना... तिथं मिळते!"

*

परवा रविवारी मी कॅनडाला व्हिडिओ कॉल केला. फोन दाजींनी उचलला. गळ्यात टेप, कानावर खडू, ओठांत दोन टाचण्या. मागं मशीनची खडखड, आणि मापाला एक धिप्पाड गोरा माणूस हातापेक्षा लांब बाह्यांचा कोट घालून, हात पसरून उभा.

"दाजी, अक्काला द्या की जरा."

"ती कामात आहे." दाजींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ब्लाऊजचं असेल तर मला सांग. पण दिवाळीनंतरचीच तारीख मिळेल!"