आईला बोलावणारा हॉर्न

आमच्या जुन्या अँबॅसडरचा हॉर्न बंद पडला तेव्हा आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबांच्या मात्र ती गेल्याचं ध्यानात राहत नसे. त्यांचा हा विसरण्याचा आजार वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सकाळी सांगितलेलं दुपारी पुसलं जायचं. आम्ही पुन्हा सांगायचं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखं रडायचं, हे पाहवेना, तेव्हा आत्या म्हणाली की आता सांगणं बंद करू. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते. तिचं मी सहसा ऐकत नाही, ते तेवढं ऐकलं.

संध्याकाळ झाली की बाबा अंगणात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसत. किल्ली मी काढून घेतली होती, त्यामुळे काळजी नव्हती; हॉर्नला किल्ली लागत नसे. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवत आणि मधलं बटण दोनदा दाबत.

याला कारण होतं. आमचं घर भंडाऱ्यातलं, विणकरांचं. माझ्या लहानपणी मागच्या पडवीत हातमाग चालत आणि त्या खटखटीत माणसाचा आवाज पोचत नसे. त्यात बाबांनी आईचं नाव कधी घेतलं नाही. त्यांच्या वेळी नवरे बायकोला नावाने हाक मारत नसत. ‘अवो’ नाही तर ‘आयकलं का’, एवढ्यावर संसार व्हायचे. पण मागांच्या आवाजात ‘आयकलं का’ कोणाला ऐकू जाणार? म्हणून गाडी आल्यावर बाबांनी आपली सोय करून घेतली. नदीपलीकडच्या कारध्याला जायचं असलं की गाडीत बसून दोनदा हॉर्न द्यायचे. आई मागावरून उठायची, पदराला हात पुसत यायची आणि शेजारी बसायची. पूल ओलांडून दोघं नदीकाठच्या बायांकडून मासे आणत. मासा ताजा नव्हता म्हणून आई परतीच्या वाटेवर घरापर्यंत कुरकुरत राही आणि बाबा गाडी मुद्दाम हळू चालवत. आम्ही भावंडं म्हणायचो, बाबांनी लग्न आईशी केलं, पण बोलतात ते हॉर्नशी.

आता तो हॉर्न मुका झाला होता. बाबा बटण दाबत, आवाज येत नसे, आणि ते समजुतीने मान हलवत. मी जवळ गेलो की म्हणत, “हॉर्न वाजून नाही राहिला ना, म्हनून ते येऊन नाही राहिली. मागावर असन. तिले आयकू नाही जात.” मग दिवे लागेपर्यंत शांत बसून राहत आणि आत येऊन जेवत. जेवताना मला आठवण करत, की हॉर्न तेवढा दुरुस्त कर.

आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, “राहू दे तसाच. वाजत नाही तवर त्याच्यापाशी कारन हाय.”

मला ते कळत नव्हतं असं नाही. पण मोडकी वस्तू समोर असली की मला चैन पडत नाही, हा माझा स्वभाव. आणि खरं सांगायचं तर, बाबांना हवी असलेली दुसरी कुठलीच गोष्ट मी त्यांना देऊ शकत नव्हतो. हॉर्न देऊ शकत होतो.

एका रविवारी कामाला बसलो. बाबा खुर्ची टाकून बघत बसले. आधी बॅटरीची वायर सोडवली. मधलं बटण फिरवून काढलं, तर आतली स्प्रिंग गंजलेली आणि पितळेची पत्ती हिरवी पडलेली. वायर बदलायची तर स्टिअरिंगचं चाकच काढावं लागणार होतं, आणि त्याचा मोठा नट पत्तीखाली होता. तो पाना लावून सैल केला, पण पूर्ण काढला नाही, नाहीतर चाक झटक्याने सुटून तोंडावर येतं. चाक परत त्याच जागी बसावं म्हणून स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि चाकावर रंगाची खूण केली. मग एका ओळखीच्या गॅरेजातून आणलेला, चाक ओढून काढायचा पुलर लावून पिळत गेलो, तेव्हा कुठे खट् करून चाक सुटलं.

चाकाला डाव्या बाजूला तडे होते. ते बाबांच्या हाताला बोचत, म्हणून आईने फार वर्षांपूर्वी त्या जागी मागावरचा उरलेला कोशाचा रेशमी धागा घट्ट गुंडाळला होता. तडे भरायचे तर तो काढणं भाग होतं. आमच्या घरात अखंड धाग्याला कोणी कात्री लावत नाही. मी सुईने गाठ शोधली, आत्याने ती सोडवली आणि धागा हळूहळू कांडीवर गुंडाळून घेतला. हाताच्या घामाने तो काळपट झाला होता. आत्याने कांडी बराच वेळ हातात धरून ठेवली. बाबा समोर होते. मी तडे कानशीने घासायला घेतले.

तड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, वर काळा रंग दिला. पत्ती घासून लख्ख केली, स्प्रिंग आणि वायर नवीन घातली. खुणेला खूण जुळवून चाक बसवलं आणि बॅटरी जोडली. आत्याने धागा पुन्हा गुंडाळला, आईच्याच गाठीने.

संध्याकाळी बाबा गाडीत बसले. अंगठ्याने धागा चाचपला आणि बटण दोनदा दाबलं. हॉर्न खणखणीत वाजला. बाबा हसले. कित्येक महिन्यांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, शेजारच्या सीटवरची धूळ हाताने झटकली आणि पडवीच्या दाराकडे बघत बसले. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा वाजवला. मग पुन्हा. आत्या दारातून आत निघून गेली.

“आता तं वाजते,” बाबा मला म्हणाले.

“हो बाबा.”

“मंग काहून नाही येऊन राहिली?”

माहेरी एकोडीला गेली, असं काहीतरी मला सांगता आलं असतं. तोवर बाबा गाडीतून उतरले, भिंत धरत पडवीच्या दारापर्यंत गेले, आणि त्यांनी आईला नावाने हाक मारली. आईचं नाव त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. माग बंद होऊन किती काळ लोटला होता. हाक सगळ्या घरात स्वच्छ ऐकू गेली.

बाबा आत येऊन बसले. त्या दिवशी ते रडले नाहीत.

बाकी सगळं ते अजून विसरतात, पण गाडीत पुन्हा बसले नाहीत. हॉर्नची वायर मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. संध्याकाळी गाडीचं दार उघडून ठेवतो आणि त्यांना सांगतो, बाबा, हॉर्न पुन्हा बिघडला. ते अंगणाकडे बघतात आणि म्हणतात, “राहू दे.”