माजी नसलेले मेंबर

मेंबरांच्या खिशात पांढऱ्या स्टिकरची पट्टी असायची. फलकावर किंवा लग्नपत्रिकेत आपल्या नावाआधी 'माजी' दिसलं, की ते शांतपणे त्यावर तुकडा चिकटवायचे. माइकवर स्टिकर चालत नाही, म्हणून तिथे नेमके त्या शब्दावर खोकायचे. स्टिकर माझ्याकडूनच जायचा. पनवेलला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे.

ते आमच्या जिल्हा परिषद गटाचे शेवटचे सदस्य. भातशेतीची गावं, मिठागरं आणि डोंगराकडच्या वाड्या मिळून तो गट होता. महानगरपालिका झाली, गावं तिच्यात गेली आणि गट नकाशावरून पुसला गेला. मेंबरांचा मुद्दा साधा होता. "मला कुनी पाडला काय? नाय ना? मंग गट माजी झालाय गो बाय, मी नाय."

"अहो, पण गटच नाही तर सदस्य कशाचे?"

"शाला पाडली म्हनून मास्तर अडानी होतो काय?"

यावर मी बिल पुढे करायची.

गटाची हद्द ते जुन्या खुणांनी सांगत, वीटभट्टीपासून चिंचेपर्यंत. भट्टीच्या जागी आता आमचा टॉवर आहे आणि चिंचेच्या जागी एटीएम. एकदा टॉवरला दोन दिवस पाणी नव्हतं. मेंबर न बोलावता गेटवर हजर. "ही बिल्डिंग आपल्या गटात येते!"

आमचे सेक्रेटरी नागपूरहून नवेच आलेले. त्यांनी अदबीने विचारलं, "कोणता गट काका? बचत गट?"

मी तोंडावर पदर घेतला. मेंबर मात्र जराही हलले नाहीत. "होय तर. जेवरा वाचलाय, तेवरा मी."

संध्याकाळी टँकर आला. कुणाला फोन केला, ते त्यांनी सांगितलं नाही. सेक्रेटरींनी मात्र आभाराचा फलक छापायला दिला, त्यात 'माजी' घालून. मी पट्टी आधीच कापून ठेवली.

यंदा मेंबर गेले. श्रद्धांजलीचा मजकूर घेऊन त्यांचा मुलगा दुकानात आला. त्यात ठळक अक्षरांत 'माजी जि. प. सदस्य' होतं. मी 'माजी' खोडलं.

"ताई, आता तरी माजीच ना?"

"'कै.' आहे ना? तेवढं पुरे."

"आनि कुनी हरकत घेतली तर?"

"हरकत घ्यायचा हक्क त्या गटाच्या मतदाराला," मी म्हटलं. "सापडला तर पाठव."

फलक नाक्यावर लागला. अजून तरी कुणी आलेलं नाही.