काकीची पैठणी आणि माझे पॉइंट

मी अत्यंत शांत स्वभावाचा माणूस आहे. (हे वाक्य वाचून बायको आत्ता ज्या पद्धतीनं हसली, त्याचाही मला राग आलेला नाही.) पण 'रिवॉर्ड पॉइंट' हे दोन शब्द कुणी उच्चारले की माझं टाळकं सरकतं!

सगळ्याचं मूळ म्हणजे माझा मेहुणा प्रशांत. तळवड्याला आयटीत आहे, त्यामुळे जगातलं सगळं त्याला कळतं. एका रविवारी आमच्याकडं मटणावर ताव मारता मारता तो म्हणाला, "दाजी, क्रेडिट कार्ड नाही तुमच्याकडं? फुकटचे पॉइंट सोडताय राव!"

फुकटचं सोडतोय म्हटल्यावर मी हातातली नळी ताटात ठेवली. त्यानं मोबाईलवर कार्डं दाखवली. एक पेट्रोलवर पॉइंट देणारं, एक किराण्यावर, एक विमानप्रवासावर.

"आपला खर्च कशावर होतो ते आधी बघा," बायको म्हणाली. "किराणा, दूध, पोरीची फी. किराण्याचं घ्या."

मुद्दा बरोबर होता, म्हणूनच मला राग आला. मी चाकणच्या कंपनीत सुपरवायझर. ये-जा कंपनीच्या बसनं, जेवण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. विमान मी पाहतो ते भोसरीतल्या आमच्या गच्चीवरून, मान वर करून. तरी मी विमानाचंच कार्ड घेतलं! का? तर ते काळं होतं आणि त्यावर सोनेरी अक्षरं होती. (किराण्याचं पोपटी होतं. पोपटी कार्ड काढणाऱ्या माणसाला चारचौघांत कोण विचारतं?)

पुढं कितीतरी महिने पॉइंट मुंगीच्या पावलानं आले. दूधवाला म्हणे स्कॅन करा, वाणी म्हणे स्कॅन करा, कार्डाचं मशीन कुणाकडंच नाही. मी जाईन तिथं भांडायला लागलो. "दाजी, एकदाच दणकून खर्च करा," प्रशांत म्हणाला, "गोव्याचं तिकीट फुकट!"

आणि नेमकं चाकणजवळच्या गावी राहणाऱ्या माझ्या काकीच्या पोरीचं लग्न ठरलं. लग्न म्हणजे बस्ता, आणि बस्ता म्हणजे अख्ख्या भावकीचे कपडे! मी जाहीर केलं, "बिल माझ्या कार्डावर. काका, तुमची रोकड माझ्याकडं द्या."

"व्हय," काका म्हणाले, आणि नोटांची पिशवी माझ्या हातात आली.

दुकानात आधी सगळ्यांना पोटभर जेवण. बस्त्याला आलेल्यांना घालतातच. त्या दुकानाची आणखी एक पद्धत होती: नवरीच्या आईला दुकानाकडून पैठणी भेट. काकीनं जन्मात पैठणी नेसली नव्हती. आजवर दुसऱ्यांच्या पदरावरचे मोर बघत आली. तिनं एक जांभळी पैठणी निवडून मांडीवर घेतली, ती काही केल्या खाली ठेवेना.

"धुतल्यावर मोर जात न्हाईत ना रं?" तिनं मला दोनदा विचारलं.

मी गल्ल्यापाशी उभा राहून कार्ड दिलं. ओटीपी येईना! दुकान तळघरात, तिथं रेंज नव्हती. मी मालकावर ओरडलो, मशीनवर ओरडलो, शेवटी रस्त्यावर पळत जाऊन ओटीपी आणला. मशीननं कागद ओकला. मी मिशीला पीळ देत वळलो, तर दुकानातला नोकर काकीच्या मांडीवरची पैठणी उचलून घडी घालत होता.

"ए! ती भेट आहे!"

"रोख बस्त्यालाच, साहेब," मालक म्हणाले. "कार्डाला ती स्कीम नाही."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?"

"बोर्ड लावलाय की. त्याच्यावर तुम्ही पिशवी अडकवलीय."

मी पिशवी काढली. खाली लाल अक्षरांत तेच लिहिलेलं. काकांची सगळी रोकड पोटात घेऊन ती पिशवी तासभर त्याच बोर्डावर लटकत होती!

"रद्द करा बिल! रोख घ्या!"

"झालेलं बिल फिरवता येत नाही साहेब."

मग मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तेवढ्यात प्रशांतचा फोन: "दाजी, पडले का पॉइंट?" त्याला बोललो ते तर मुळीच नाही, आणि वर त्याची बहीण शेजारीच उभी होती.

"राहू दे रं दिनू," काकी म्हणाली. "न्हाई तर न्हाई. तुझं तिकीट तरी निघू दे."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या त्या शांतपणानं मला स्वतःचाच असा संताप आला की त्याच पिशवीत हात घालून मी ती पैठणी विकत घेतली. रोख! (मालकानं खूश होऊन चहा पाजला. कार्डाच्या बिलात पडलेला खड्डा पुढं बायकोच्या वॉशिंग मशीनच्या पैशांनी बुजवला. त्या विषयावर आमच्याकडं अजून बोलणं होत नाही.)

एवढं करून पॉइंट गोव्याला पुरेनात! "मग कॅटलॉगमधून काहीतरी घ्या," प्रशांत म्हणाला. बसत होतं ते एकच, 'प्रवासी भेटसंच'. खोकं आलं ते हळदीच्या दिवशी. मी ते ऐटीत, न फोडताच काकीच्या मांडवात नेलं. काकीनं सगळ्यांसमोर फोडलं. आत एक पांढरा टॉवेल आणि एक टोपी.

"अगं बया! टॉवेल-टोपी?" काकी म्हणाली. "ही तर आमी फुकट वाटतो की रं!"

दुसऱ्या दिवशी लग्नात मानपान सुरू झाला आणि माईकवर पुकारा झाला, "भोसरीचे दिनकरराव, पुढं या!" जांभळी पैठणी नेसलेल्या काकीनं काकांच्या हातून माझ्या खांद्यावर माझाच टॉवेल टाकला, डोक्यावर माझीच टोपी चढवली. प्रशांत शिट्ट्या मारत होता. मी आतून नुसता धुमसत होतो. पण काकीच्या पदरावर मोर असे काही नाचत होते की मी टोपी जरा सरळच करून घेतली.

शेवटी काकीनं माझ्या हातात नारळ ठेवला. तो काही कार्डवाल्यांच्या खोक्यात नव्हता, तो तिनं पदरचा घातला. घरी त्याची चटणी केली. विमानाच्या कार्डापायी आमच्या पोटात गेलं ते तेवढंच!