चाकामागची पाटी

आपण सही केलेल्या एका कागदामुळे कुणाचा तरी जीव गेला असेल, अशी शंका मनात ठेवून तुम्ही किती वर्षं रोज जेवू शकाल? माझा मामा तीसहून जास्त वर्षं जेवला. शंका खरी की खोटी हे विचारायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. ते त्यानं टाकलं नाही.

मामा हवाई दलात विमानांचा मेकॅनिक होता. नोकरीची मुदत संपल्यावर ब्राह्मणपुरीला परतला आणि शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागला. त्याच्या शेडच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती काळ्या रंगानं काढलेली आहे. काम झालं की पाना आपल्या आकृतीवर टांगायचा, आणि सगळ्या आकृत्या भरल्याशिवाय मोटार कुणाच्या ताब्यात द्यायची नाही. लोक ताटकळतात, चिडवतात, "मामा, पाना मोटारना पोटमा राही गया का?" मामा हसत नाही. पुन्हा मोजतो.

मी त्याच्या बहिणीची मुलगी. आई मजुरांची संघटना करायची, त्यामुळे शहाद्याच्या आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. ऊसतोडीचे दर, वनजमिनी, धरणात गेलेली गावं, यांच्या गुलाबी-पिवळ्या कागदांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले. पुढं मीही लिहू लागले. जुनी लढाऊ विमानं चौकात मांडून त्यांच्यासमोर मुलांचे फोटो काढायच्या हौसेविरुद्ध मी एक पत्रक काढलं होतं. त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही. मामानं उरलेल्या प्रती मागून नेल्या तेव्हा मला वाटलं, वाचतोय. त्यात त्यानं नटबोल्ट बांधून ठेवले.

मग शेजारच्या मास्तरांनी सहलीवरून एक व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांच्या रस्त्यावर, समुद्राजवळ, जुन्या लष्करी विमानांचं एक संग्रहालय होतं. रांगेत एक विमान मामा ज्यावर काम करायचा त्या जातीचं. शेपटीवरचा नंबर मात्र चौकटीबाहेर राहिलेला. मामा आठवडाभर तोच व्हिडिओ लावून बसला. शेवटी मला बोलावून म्हणाला, "गाडी काढ. तठे जावानं शे."

मी नाही म्हणाले. मामीही वैतागली. "लोखंड दखाले इतलं लांब काब्र जावानं? आपला भंगारवाला काय मरी गया का?"

तेव्हा त्यानं आम्हा दोघींना पहिल्यांदाच सांगितलं. शेडमध्ये, उभ्यानं, आमच्याकडे न बघता.

नोकरीचा शेवटचा दिवस होता. एका विमानाच्या मागच्या भागातलं काम संपवून त्यानं झाकण बंद केलं. विमान सोडायच्या कागदावर लिहावं लागतं की सगळी अवजारं मोजली, सगळी भरली. निरोपाच्या चहाला साथीदार हाका मारत होते. त्यानं न मोजता सही केली. संध्याकाळी अवजारांची पेटी जमा करताना एक पाना कमी निघाला. भांडारावरचा मित्र म्हणाला, जा तू, गाडी चुकेल, मी दुसरा घालतो. मामानं गाडी पकडली. तीन आठवड्यांनी त्याच मित्राचं पत्र ब्राह्मणपुरीला आलं. इकडची तिकडची खबर, आणि मधेच एक ओळ: आपल्या इथलं एक विमान पडलं, वैमानिक वाचला नाही. कोणतं विमान, ते लिहिलं नव्हतं. आता व्हिडिओतलं विमान त्यानं सही केलेलंच निघालं, तर पडलेलं दुसरं कुठलं तरी ठरणार होतं.

"मंग तुम्ही विचारं का नई?" मामीनं विचारलं.

"तो सांगी देता ना," मामा म्हणाला. विचारलं तर खरं उत्तर येईल, हीच त्याला भीती होती.

मी आयुष्यभर साहेबांना, कारखानदारांना, पुढाऱ्यांना जाब विचारत आले. त्या दिवशी मामाला विचारायचा जाब तोंडात आला होता. मी गाडीची किल्ली घेतली.

पुरुषोत्तमनगरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागे आम्ही अर्धा तास रांगत होतो. मी ऊसतोड कामगारांच्या उचलीवर बोलायला लागले, तसा मामा मागून म्हणाला, "तू गाडी चालाड. भाषण मंग दे." मामीनं डब्यातून दशम्या काढल्या. त्यानं एक तुकडा मोडून हातातच धरून ठेवला. धुळं मागे पडलं तरी तो हातातच होता.

दुसऱ्या दिवशी वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "नंबर काय शे त्या विमानना?"

"ते सांगानं नई."

"काब्र?"

"तू मन्हा बाजूनं वाची टाकशी."

मला राग आला. मग वाटलं, त्याचं काही चूक नाही.

संग्रहालय म्हणजे कुंपण घातलेलं मोठं अंगण होतं. कडक ऊन. दहा-बारा विमानं, प्रत्येकाभोवती दोरी. एका कुटुंबानं दोन मुलांना तोफेच्या नळीशी उभं केलं होतं. माझ्या पत्रकातलं चित्र जसंच्या तसं समोर होतं आणि मला त्याच्याकडे बघायला फुरसत नव्हती. मामा सरळ आपल्या विमानाकडे गेला. शेपटीवर ठळक, स्वच्छ नंबर होता. तो बघून त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"हाई रंग नवा शे," तो म्हणाला. "नंबर कोनी बी लिखी टाकस."

रंगाऱ्यानं कुठल्याही विमानाचा नंबर शेपटीवर घातला असू शकतो, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. खरा नंबर चाक मिटून आत जातं त्या पोकळीत, छोट्या पत्र्याच्या पाटीवर ठोकलेला असतो. मामानं दोरी उचलली तसा पहारेकरी धावत आला. मी सार्वजनिक मालमत्ता आणि नागरिकांचा हक्क यावर पहिलं वाक्य सुरू केलं. मामानं हातानं मला थांबवलं आणि नोकरीतल्या हिंदीत त्याच्याशी बोलला. पाटी कुठल्या चाकामागे, कुठल्या नळीच्या वर, किती स्क्रूंनी बसवलेली, हे सगळं त्यानं बाहेर उभं राहून सांगितलं. पहारेकरी वाकून आत डोकावला. मग सरळ झाला आणि त्यानंच दोरी खाली धरली. तोही निवृत्त फौजी निघाला.

मामा आत गेला नाही. "तू वाच," मला म्हणाला. "एक एक आकडा. मोठ्यानं."

मी खडीवर उताणी झाले आणि मोबाइलचा उजेड वर धरला. आत पोपड्या, कोळिष्टकं, आणि पाटीवर रंगाचा जाड थर. एक अक्षर दिसलं, ते वाचलं. पुढचे दोन आकडेही नीट होते. मला दिसत होती फक्त त्याची चप्पल आणि मामीच्या लुगड्याचा काठ. शेवटचा आकडा रंगानं भरला होता. तीन असेल किंवा आठ. यातला कोणता आकडा त्याला सोडवेल आणि कोणता बुडवेल, हे मला माहीत नव्हतं. मी नखानं खरवडायला लागले. माझ्या मनात त्या वेळी एकही विचार तत्त्वाचा नव्हता. हे विमान आपलं असावं, एवढंच वाटत होतं.

"काय शे?" मामी ओरडली.

"थांब ना!"

नख तुटलं. मग मामीनं पोलक्याची टाचणी काढून आत सरकवली. त्या टाचणीनं रंग निघाला.

"तीन," मी म्हणाले. "आठ नाही, मामा. तीन."

मी बाहेर आले तेव्हा तो पंखाच्या सावलीत जमिनीवर बसला होता आणि पहारेकरी त्याला बाटलीतून पाणी देत होता.

"मन्हं नई पडनं," तो म्हणाला. मामीकडे बघून पुन्हा म्हणाला, "मन्हं नई पडनं, बाई."

मामी त्याच्या शेजारी बसली आणि पदरानं त्याची मान पुसली. "मरो तो पाना," ती म्हणाली. "आते तरी पोटभर खा." आणि तो खायला लागला. दशम्या, लोणचं, पहारेकऱ्यानं आणून दिलेली केळी. तोंड भरलेलं असताना तो हसला आणि त्याला ठसका लागला. मीही हसले. गेल्या दोन दिवसांत खांदे किती ताठ झाले होते, ते सैल पडल्यावर कळलं.

गाडीत बसता बसता तो थबकला. "मंग पडनं ते कोनं?"

कुणाचं तरी पडलंच होतं. त्यात एक माणूस होता आणि त्या विमानाच्या कागदावरही कुणा मेकॅनिकची सही होती. विमानापुढच्या फलकावर वेग होता, इंजिन होतं, कुठल्या लढाईत उडालं ते होतं. ते उडण्याआधी कुणी तपासलं, ते नव्हतं.

परतीच्या वाटेवर त्यानं भांडारावरच्या मित्राला पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. न मोजता सही केली होती, हे त्यात पहिल्याच ओळीत आहे. पडलेलं विमान कुणाच्या हातचं होतं, आणि तो माणूस कुठे आहे, हे त्यानं विचारलं आहे. जुन्या पत्त्यावर पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. मामा रोज पोस्टमनला विचारतो, आणि उत्तराची त्याला आता भीती वाटत नाही.

तुमच्या ओळखीतही कुणी निवृत्त मेकॅनिक, वायरमन, ड्रायव्हर, कंपाउंडर, नर्स असेल. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तुम्ही केलेल्या कोणत्या कामाचं पुढं काय झालं ते तुम्हाला कधी कळलंच नाही? ते टाळतील. पुन्हा विचारा. आणि सांगितलं, तर उपदेश करू नका, त्यांच्याबरोबर ते शोधायला निघा.