डाळिंबाच्या पानामागं

ये गं पोरी, अशी जवळ सरक. कॅमेऱ्याला लावायच्या ट्यूब हौसेनं घेतल्यास, दोन फोटो धूसर आले आणि लगेच कपाटात टाकून दिल्यास, व्हय? वर मला फोनवर सांगतेस, "आत्या, बिघडलेल्याच आल्या." अगं, ज्यात काच न्हाय की मोटार न्हाय, ते बिघडणार काय? जरा दमानं घ्यावं माणसानं.

मला तरी कुठं पहिल्यांदा जमलं होतं. लेकीनं नवा कॅमेरा घेतला आणि जुना गावी, जळोचीला, माझ्याकडं आला. त्यानं फूल बरं यायचं, पण फुलावरची मुंगी काही हाती लागायची नाही. जवळ गेलं की सगळं दुधाळ. मोबाइलवर बघून बघून कळलं, की कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे पोकळ कडी, म्हणजे तुझी ती ट्यूब, बसवली की लेन्स बारीक गोष्टीच्या पार जवळ नेता येते. मागवल्या. डबा उघडला तर तीन काळ्या कड्या. एकीत बोट घातलं तर आरपार बाहेर! आमचे हे भाकरी खात होते. म्हणाले, "चूल तर कधीच गेली, आता फुंकणी कशाला आणलीस?"

"तुमच्या डोक्यात वारा घालायला," मी म्हटलं.

मग मी तुझ्यासारखंच केलं. तिन्ही कड्या एकीला एक जोडल्या आणि ओसरीत उभं राहून अंगणातल्या जास्वंदीवर कॅमेरा रोखला. नुसता अंधार आणि धुकं. कड्या लावल्या की लांबचं दिसायचंच बंद होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी एकच कडी ठेवली, ताटात ज्वारीचा दाणा ठेवला आणि लेन्स त्याच्या अंगावर नेत गेले. नेता नेता दाणा एकदम लख्ख उभा राहिला, बुडाच्या काळ्या ठिपक्यासकट. म्हणून सांगते, लेन्सची रिंग फिरवत बसू नकोस. कॅमेरा छातीशी घट्ट धर आणि जात्यावर बसल्यागत कमरेतून पुढं-मागं हो. दिसलं की दाब. कडीनं उजेड कमी होतो, तेवढा कुठून तरी आणायचा.

हे सगळं कामाला आलं ते इंदापूरकडं, माझ्या धाकट्या बहिणीच्या डाळिंबात. झाडं फुलावर होती. हिचा सकाळी सकाळी फोन, आवाज रडवेला. "आक्का, पानामागं पांढरे धागे आल्यात. बुरशी धरली गं. हे आजच फवारायचं म्हणतात." बुरशी असली आणि फवारलं नाही तर बहार गेला. आणि बुरशी नसली तर? त्या औषधाबरोबर किडीचं जहाल औषधही मिसळणार होते, म्हणजे तिथं जे काही चांगलं जगत असेल तेही मेलं असतं. मी म्हटलं, "पाव्हण्यांना म्हणावं, मी पोहोचेपर्यंत हात लावू नका."

पोहोचले तर ट्रॅक्टर बांधावर उभा, टाकीत पाणी भरलेलं, औषधाच्या बाटल्या बॉनेटवर. पाव्हणं म्हणजे बहिणीचा नवरा. मला बघून हसले. "आक्का, लग्नाचं फोटो काढायला आलाय का काय?"

"व्हय, तुमचंच दुसरं लावायचंय," बहीण म्हणाली.

मी खाली बसले. पान उलटं केलं. डोळ्यांना केसाएवढे धागे दिसत होते, बाकी काही नाही. दोन कड्या लावल्या. पण वाऱ्यानं पान हले, आणि एवढ्या जवळून ते हललं की मोठं झाड हलल्यासारखं वाटतं. बहिणीला म्हटलं, घरातून सूप आण. तिनं सूप आडवं धरलं, वारा थांबला. पाव्हण्यांच्या हातात परात दिली. "उन्हात तिरकी धरा, उजेड पानाखाली जाऊ द्या." ते कुरकुरत बसले. मी पुढं-मागं होत किती तरी फोटो दाबले. बरेच वाया गेले.

एक मात्र आला. प्रत्येक धाग्याच्या टोकाला हिरवट मणी, टाचणीच्या डोक्यासारखा. एक मणी फुटलेला आणि त्यातून बाहेर पडलेला इवलासा जीव धाग्याला धरून लटकलेला. खाली देठाशी मावा, पानाचा रस पिणारी बारीक कीड.

पाव्हण्यांनी परात खाली ठेवली आणि स्क्रीनला डोळा लावला. मग म्हणाले, "ही तर मित्रकिड्याची अंडी हायत. शेतकरी मेळाव्यात तक्त्यावर दावली हुती. ह्याची पिल्लं मावा खात्यात." तरी मनाची खात्री होईना, म्हणून फोटो कृषी सहायक बाईंना पाठवला. त्यांचंही उत्तर तेच आलं.

बाटल्या परत खोलीत गेल्या. टाकीतलं पाणी बांधावरच्या नारळांना सोडलं. बहिणीचा जीव मात्र भांड्यात पडेना. पाव्हणं म्हणाले, "फळ धरलं तर आक्काचा फोटो चांगला. गळालं तर आक्का तुझ्या माहेरची."

आता रोज फोन असतो तिचा. मावा बराच हटलाय, पण कडेच्या ओळीत अजून आहे, आणि फळ किती धरतंय ते समजायचंय. ते किडे मोठे झालेत, मावा धरून खाताना मला त्यांचा फोटो हवाय. माझ्या एकटीच्या हातानं होत नाही, मान अवघडते. सकाळी वारा सुटायच्या आत तिथं पोहोचायचं तर आदल्या दिवशीच माझ्याकडं मुक्कामाला आलं पाहिजे. ते उडून जायच्या आत ये बाई. या शनिवारीच ये.